अर्धी गोळी

भटवाडीच्या त्या चाळीत कुणाचं पोट कसं आहे, हे कुणालाच ठाऊक नसे. संडास सामाईक, चाळीपासून जरा लांब, टेकडीच्या उतारावर. आत दिव्याच्या नावानं बोंब. उजेडासाठी म्हणून वर एक वीट काढून ठेवलेली, तिच्यातून उजेड कमी आणि डास जास्त यायचे. माणूस पाण्याचा डबा घेऊन आत जायचा, अंधारात बसायचा आणि अंधारातच पाणी ओतून बाहेर यायचा. संसार जुने झाले, लेकी नांदायला गेल्या, तरी ह्या एका बाबतीत नवरा-बायको एकमेकांना परकीच. अख्ख्या चाळीत एकाच जिवाचं पोट उघड्यावर होतं, आणि तो जीव म्हणजे गुणाजीचा कुत्रा धोट्या.

त्याचं उचलायचं काम गुणाजीच्या बायकोच्या, नलिनीच्या गळ्यात पडलं होतं. हौसेनं नव्हे. धोट्यानं एकदा शेजारच्या शकुच्या दारात घाण केली, तेव्हा शकु सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, कुत्रा पाळायचा तर त्याचं हगणं-मुतणं पण पाळायचं ना! माझी पोरं पाय टाकतात त्याच्यात." शकुचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून नलिनी रोज सकाळी धोट्याला टेकडीवर न्यायची आणि जुना पेपर हातात धरून त्याच्या मागं उभी राहायची. सुरुवातीला नाकाला पदर, मान दुसरीकडे. मग सवय झाली, आणि सवय झाली की माणूस बघायला लागतं. काल ह्यानं काय खाल्लं ते तिला आज पेपरावर कळायचं. कुणाच्या बारशाचं जेवण ढापलं की सैल. हाडं जास्त चघळली की पांढरट, खडूसारखी कोरडी. चांगली झाली की चॉकलेटी, घट्ट, अलगद उचलली जाणारी, मागं जमिनीवर डाग न ठेवणारी. तशी झाली की नलिनीला बरं वाटायचं, आणि आपल्याला असल्या गोष्टीचं बरं वाटतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

कुत्रा तिला मुळात नकोच होता. गुणाजी एका गिरणीत साच्यावर होता, कापड विणायच्या खात्यात. मोठ्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. एके दिवशी तो काहीतरी विचारायला म्हणून गिरणीच्या फाटकावर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीतून एका पिल्लाचं तोंड बाहेर आलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीचं गिरणीनं काय दिलं, तर हे. नलिनी त्या दिवशी तोंडाचा पट्टा सोडून बोलली. पिल्लू खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं पळत होतं, ते बघत गुणाजी एवढंच म्हणाला, "धोटो बघ, धोटो." साच्यावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. तेच नाव पडलं.

गिरणीत सीताराम म्हणून त्याचा एक जोडीदार होता. दोघं एकाच डब्यात जेवायचे आणि भाकरी मोडायची ती बरोबर मधोमध. संपात सीताराम गावी निघून गेला, गुणाजीच्या हाताची मोडायची सवय तेवढी मागं राहिली. ती आता धोट्याच्या कामी आली. भाकरी असो, केळं असो, चहाबरोबरचं बिस्कीट असो, गुणाजी ते मोडायचा आणि म्हणायचा, "अर्धा तुका, अर्धा माका." नलिनी स्टोपाशी बसून बघायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला अर्धं कधी आलं नव्हतं. बायकांनी मागाहून बसायचं आणि उरलंसुरलं खायचं, हे तिला आईनंच शिकवलं होतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, कुत्रा घरात येईपर्यंत.

तरीही ती धोट्याला जपायची, आणि का जपायची ते तिला पक्कं ठाऊक होतं. गिरणी गेल्यावर गुणाजी दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसून असायचा. त्याच्याच खात्यातल्या एकानं तेव्हा जीव दिला होता. नलिनीनं घरातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा माळ्यावर लपवून ठेवली होती. त्या भिंतीपासून त्याला उठवलं ते ह्या कुत्र्यानं. त्याला फिरवायला न्यायचं म्हणून गुणाजी घराबाहेर पडला, त्याच्याशी बोलायचं म्हणून त्याला वाचा फुटली, त्याला खायला घालायचं म्हणून हमरस्त्यावरच्या लादीच्या वखारीत ओझी उचलायच्या कामाला लागला. धोट्याला काही झालं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि ह्या खेपेला उठायचा नाही. नलिनीच्या जिवाला खरा घोर होता तो हाच.

दिवाळी सरल्यावर धोट्यानं मांजराच्या मागं लागून चाळीच्या बांधावरून उडी टाकली आणि पुढचा पाय लचकवून घेतला. लंगडायला लागला. गुणाजीची पाठ तर वखारीत लागल्यापासून धरलेलीच होती, दुखण्याची गोळी घेऊन तो कामावर जायचा. संध्याकाळी दोघं टेकडी चढून यायचे, एक लंगडत, एक कमरेवर हात ठेवून, आणि शकु हसून म्हणायची, "आले बघा दोघं म्हातारे." मग काही दिवसांनी धोट्याचं पोट बिघडलं. नलिनीनं घरचा उपाय केला. कोकणातल्या कुठल्याही बाईनं केला असता तोच. सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, सार काढलं, मऊ भातात कालवलं आणि घातलं. दुसऱ्या सकाळी पेपरावर काळं पडलं.

सोलांचा रंग उतरला, असं ती मनाशी म्हणाली. सार चांगलं दाट झालं होतं, काळपट लाल. त्यात पुन्हा काय बघायचं? तिनं पेपर गुंडाळून टाकला आणि दुसऱ्या दिवशीही सारच घातलं. तिसऱ्या दिवशी धोट्या टेकडीवर चढेचना. पायथ्याशीच बसला आणि तिथंच केलं. काळं कुळकुळीत, चिकट, आणि वास असा की इतके दिवस सरावलेल्या नलिनीनं पुन्हा नाकाला पदर लावला. पेपरावर घ्यायला गेली तर ते जमिनीला धरून बसलं, रस्त्यावरच्या डांबरासारखं. धोट्यानं तिच्याकडे बघून शेपटी हलवली, पण कशी, तर आजारी माणूस भेटायला आलेल्यांसाठी हसतो ना, तशी. सार आपण उगाच घालत बसलो, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं ते पेपराच्या पुडीत बांधून पिशवीत ठेवलं.

गुणाजी कामावर गेला होता. कुत्र्यांचा म्हणून डॉक्टर नलिनीला ठाऊक नव्हता. ठाऊक होते ते खालच्या तबेल्यात म्हशींना बघायला येणारे तावडे डॉक्टर. शकुचा नवरा अंबादास रिक्षा चालवायचा, तो नुकताच चहाला घरी आला होता. त्यानं कप तसाच ठेवला. "चला वहिनी. सीटवर गोणपाट टाका फक्त, नायतर पॅसेंजर बोंबलेल." त्यानं धोट्याला स्वतः उचलून ठेवलं.

तावडे डॉक्टर गमबूट घालून शेणात उभे होते. त्यांनी आधी कुत्र्याकडे बघितलंच नाही. विचारलं काय, तर "ह्याची शी आणलीत का?"

नलिनीनं पिशवीतून पेपराची पुडी काढली.

"शाबास. लोक कुत्रं घेऊन येतात आणि बघायचं ते गटारात टाकून येतात." त्यांनी पुडी उजेडात उघडली. "कधीपासून काळी?"

"तीन दिवस झाले. पण मी सोलांचं सार घातलं होतं डॉक्टर, मला वाटलं त्याचाच रंग."

डॉक्टरांनी पेटीतून कापसाचा बोळा काढला, पाण्यात भिजवून पिळला आणि काडीनं त्या काळ्यातला कण त्याच्यावर ठेवला. दोघं बघत उभे राहिले. कणाभोवती हळूहळू तांबूस कडं पसरलं, गंजाच्या रंगाचं.

"हे सार नव्हे बाई, हे रक्त आहे. खाली, गुदापाशी जखम असती तर लाल दिसलं असतं, वरच्या वर. नुसती आव असती तर शेंबडासारखं चिकट आलं असतं. हे वरचं आहे, जठरातलं. खाली येईपर्यंत पचतं आणि डांबर होतं." त्यांनी धोट्याचा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा दाबून उचलला. "ही बघा. गुलाबी हवी. पांढरी पडलीय, आणि दाबल्यावर रंग परत येत नाहीय. बरंच रक्त गेलंय." मग एकदम त्यांनी मान वर केली. "दुखण्याची गोळी दिलीत का ह्याला? माणसांची?"

"छे हो!" नलिनीला जवळजवळ अपमान वाटला. "माणसांच्या गोळ्या कुत्र्याला कोण देणार?"

"देतात. पाय मुरगळला म्हणून देतात. ह्या गोळ्या उपाशीपोटी खाल्ल्या तर माणसाच्याही पोटाला भोक पाडतात, कुत्र्याला तर विषच." त्यांनी सुई टोचली, भाताची पेज चमच्यानं पाजायला सांगितली, उद्या परत आणा म्हणाले. निघताना नलिनीनं विचारलं, जगेल ना? डॉक्टर गमबुटावरचं शेण काठीनं काढत राहिले. "उद्या आणा, मग बोलू," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर अंबादासनं टपरीपाशी रिक्षा थांबवली. सकाळचा चहा राहिला होता त्याचा. बिस्किटाचा पुडा फोडून त्यानं एक बिस्कीट मोडलं, अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि अर्धं मागं धोट्याच्या नाकापाशी धरलं. "घे रे हिरो." धोट्यानं तोंड फिरवलं. नलिनी मात्र त्या अर्ध्या बिस्किटाकडे बघत राहिली. जो माणूस बिस्कीट एकटा खात नाही, तो गोळी एकटा कशी खाईल?

घरी येऊन तिनं गुणाजीचा पानाचा डबा उघडला. अडकित्त्याच्या पात्याला पांढरी पूड लागली होती. चुना असेल म्हणून तिनं बोटावर घेऊन जिभेला लावली. चुना नव्हता. कडूजहर होती.

संध्याकाळी गुणाजी आला तो पायरीवरच टेकला. दम लागला होता. हल्ली टेकडी चढून आला की त्याला दम लागायचा, आणि नलिनी ते वयावर ढकलायची. तिनं त्याच्यासमोर अडकित्ता धरला. "ह्या काय?"

"चुनो."

"चाखलंय मी."

गुणाजीनं आत धोट्याकडे बघितलं. धोट्या गोणपाटावर पडून होता. मालकाची चाहूल लागूनही उठला नव्हता. "तेचो पाय दुखत होतो," गुणाजी हळूच म्हणाला. "गोळी घेतलंय की माका बरा वाटता. म्हटलंय, तेका पण बरा वाटतला. कापून देय होतंय. अर्धी तेका, अर्धी माका."

"रोज?"

"रोज."

नलिनीनं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, रागाच्या भरात विषाचा शब्दही वापरला. गुणाजी ऐकत राहिला, मग रांगत आत गेला आणि त्यानं धोट्याच्या पोटावर हात ठेवला. "मीच मारलंय रे तुका," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. नलिनीला त्याला धरून हलवावंसं वाटलं आणि पोटाशी घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी तिनं काहीच केलं नाही. कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसरी अर्धी आली होती. अर्धी तेका, आणि अर्धी?

"तुमी दिसाक किती घेतास?"

तो गोणपाटाची दुमडलेली कड सरळ करत राहिला.

"उपाशीपोटी?"

"चाय घेतंय ना आधी."

ती त्याच्यासमोर बसली, त्याची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं त्याच्या डोळ्याखालची पापणी ओढली. आतून ती धोट्याच्या हिरडीसारखी होती, पांढरीफटक. "तुमची कशी जाता?" तिनं विचारलं.

"काय कशी जाता?"

"शी. काळी जाता काय?"

गुणाजीचं रडणं थांबलं. तो लाजला, मग चिडला. "बायकोन असला इचारूचा नसता! आणि काळोखात काय दिसता? मी काय वाकान बघतंय?"

नलिनी त्या संध्याकाळी मग पेज पाजत बसली, एक चमचा धोट्याला, आणि मधेच वाटी उचलून नवऱ्याला. पण तिचं ठरलं होतं. सकाळी गुणाजीनं संडासला जायला डबा उचलला तर तो हलका लागला. तिनं अर्धाच भरला होता. "नळाक पाणी नाय," ती म्हणाली. नळाला पाणी धो धो होतं. धुण्यापुरतं मिळावं, ओतायला उरू नये, एवढंच तिला हवं होतं.

त्याच्या मागोमाग ती बॅटरी घेऊन गेली. पुरुषांच्या बाजूला रांग होती. डबे घेऊन उभे असलेले बापये तिच्याकडे बघायला लागले. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, बायकांचं तिकडं." कोकणातून लग्न होऊन आल्यापासून नलिनी ह्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर सावरून वावरली होती. आज तिचे कान लाजेनं तापले होते आणि तरी पाय हलत नव्हते. गुणाजी बाहेर आला, तिला बघून जागच्या जागी थिजला. ती त्याच्या बाजूनं आत शिरली आणि कडी लावली.

बॅटरीच्या उजेडात तिनं ते बघितलं. बघण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं, रोज पेपरावर जे बघत होती तेच होतं. तरी तिनं कमरेला खोचून आणलेला ओला कापूस काढला आणि काडीनं कण ठेवला. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. कडं पसरलं. गंजाच्याच रंगाचं. कुत्र्याचं पोट मी रोज सकाळी उजेडात धरून बघितलं, आणि ज्याचं कुंकू कपाळाला लावते त्या माणसाच्या पोटाचं मला काहीच ठाऊक नव्हतं, असं तिला वाटलं आणि तिला त्या घाणीत उभ्या उभ्या हुंदका फुटला.

अंबादासनं रिक्षा काढली. गुणाजी काही केल्या बसेना. "आधी धोट्याक डॉक्टराकडे न्हेवा. तो बरो झाल्याशिवाय मी खय जाणार नाय."

"तुमच्यासाठी न्हेलंय मी तेका डॉक्टराकडे," नलिनी ओरडली. सगळी गॅलरी ऐकत होती, तिनं पर्वा केली नाही. "तेच्यासाठी नाय! तो ग्येलो तर तुमी मरशात म्हणान! आता गप बसा रिक्षात."

गुणाजी तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून असलं काही त्यानं ऐकलं नव्हतं. तो बसला. धोट्याला शकुनं मांडीवर घेतलं. "मी पाजते पेज. तुम्ही जा," म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत गुणाजी मागं बघत होता.

इस्पितळात त्याला लगेच खाटेवर घेतलं. नाकातून नळी घातली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. जरा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. गुणाजीनं नलिनीचा हात धरला आणि तिला एकच शपथ घातली. "रोज येवन सांग माका. तेची कशी झाली ता सांग. तुका कळता तेतला."

तो दिवस इस्पितळातच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तावडे डॉक्टरांकडे न्यायला म्हणून धोट्याला उचलायला गेली, तर शकुनं मान हलवली. तो तिच्या मांडीवरच गेला होता. शकुच्या लुगड्याला सगळं काळं लागलं होतं आणि तिला त्याचं भानच नव्हतं. "लई शांत गेला वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली. "पेज पण प्यायला थोडी." अंबादासनं टेकडीवर खड्डा खणला. माती लोटताना नलिनी रडली नाही. ती विचार करत होती, संध्याकाळी काय सांगायचं.

"आज जरा कमी काळी होती," तिनं संध्याकाळी सांगितलं.

गुणाजीनं डोळे मिटले. "खाल्ल्यान काय?"

"पेज प्यालो."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, माणसाच्या मनावर ताण येता कामा नये. तिला बजावायची गरजच नव्हती. दोरी अजून माळ्यावरच होती. मग ती रोज सांगत गेली. इतके दिवस टेकडीवर उभं राहून जे शिकली होती, ते सगळं तिनं कामी लावलं. काळी आज तपकिरीवर आली. आज मऊ होती पण आकार धरला. आज आव नाही. आज घट्ट झाली, चॉकलेटी, पेपराला डाग नाही. खोटं बोलताना पेपर, उतार, सकाळचं ऊन सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं आणि तिला स्वतःलाच वाटायचं, आपण बघूनच आलोय. गुणाजीला आता चहा-बिस्कीट चालायला लागलं होतं. तो बिस्कीट मोडायचा आणि अर्धं कागदात बांधून तिच्या हातात द्यायचा. "तेका दी." ती अर्धं बिस्कीट घेऊन घरी यायची, टेकडी चढायची आणि धोट्याला पुरलं होतं तिथल्या दगडावर ठेवायची. कावळे न्यायचे. खाली उतरताना तिला आपण कुणाला फसवतोय तेच कळेनासं व्हायचं.

मग एके दिवशी ती गेली तर गुणाजी उशीला टेकून बसला होता. ओठांना रंग आला होता. उद्या-परवा सोडणार होते. चहा समोर होता, बिस्कीट बशीत होतं.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली. चॉकलेटी, घट्ट. डाग सुद्धा नाय."

"कालच्यासारखी?"

"होय."

"आणि परवाच्यासारखी. आठ दीस झाले, तशीच." गुणाजी छताकडे बघत होता. "नलू, धोट्याची कधी सलग दोन दीस येकसारखी झाली होती काय गो? गावभरचा खाय तो."

नलिनीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"खय पुरलात?"

"टेकडीर. जांभळीखाली."

"अंबादासान?"

"होय."

गुणाजीनं मान हलवली. भिंत त्याच्या खाटेला लागूनच होती. आता हा कूस बदलणार, तिकडे तोंड करणार, असं वाटून नलिनी खाटेच्या कडेशी उठून उभी राहिली.

त्यानं कूस बदलली नाही. "माका चार दिसापूर्वीच कळला होता," तो म्हणाला. "पण तू सांगत होतंस ता ऐकूक बरा वाटत होता. आता तेची नको सांगू. माजी ऐक. आज चॉकलेटी झाली. नर्सन बघितल्यान."

हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, बोटांनी चादर चिमटीत धरून सोडत होता. मग त्यानं बशीतलं बिस्कीट उचललं आणि हाताच्या सवयीनं मधोमध मोडलं. मोडल्यावर त्याचे हात तसेच राहिले. दोन्ही तुकड्यांकडे तो बराच वेळ बघत बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. कागद शेजारीच होता, तो त्यानं घेतला नाही.

"अर्धा तुका," तो म्हणाला आणि हात पुढं केला.

नलिनीनं ते घेतलं. नवऱ्याच्या देखत, त्याच्या आधी, तिनं आजवर घास तोंडात घातला नव्हता. तिनं ते त्याच्या चहात बुडवलं आणि खाल्लं.